दळणात जात्याचा दगड



ही व्याख्यानमाला एका विज्ञानशिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. म्हणून मी आज अशा कामाविषयी बोलणार आहे, ज्याला पाठ्यपुस्तकात जेमतेम एक ओळ मिळते: नमुना बारीक करून घ्यावा. खडकात काय काय आहे हे प्रयोगशाळेत तपासायचे तर तो आधी फोडावा लागतो, मग दळावा लागतो आणि बोटांना खर लागणार नाही इतके त्याचे चूर्ण करावे लागते. पुढची यंत्रे महागडी असतात, त्यांची उद्घाटने होतात, फोटो निघतात. फोडण्या-दळण्याची खोली मात्र इमारतीच्या मागच्या बाजूला असते. माझे म्हणणे असे आहे की अहवालात जो आकडा छापला जातो, त्याचा खरेखोटेपणा बहुतेक वेळा त्या मागच्या खोलीत ठरलेला असतो.

सुरुवात आपल्या पायाखालच्या दगडापासून करू. परभणी जिल्ह्यात कुठेही विहीर खणायला घेतली की वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग कुठे मांजऱ्या तर कुठे काळा पाषाण लागतो. हा सगळा दक्खनचा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि आजही त्यांनी जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग झाकलेला आहे. आपल्या मराठवाड्यात या थरांची जाडी किती, हे एका दुःखद प्रसंगानंतर नेमके कळले. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीजवळ खोल विंधन घेतले गेले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर त्याच्या तळाखालचे जुने खडक हाती लागले.

या बेसाल्टचा निम्मा भाग सिलिका आहे आणि जवळपास दहावा भाग लोह. ही मोठी द्रव्ये सगळ्याच थरांत थोड्याफार फरकाने सारखी असतात. एक थर दुसऱ्यापासून ओळखायचा, तो कुठल्या शिलारसातून आला, वर येताना वाटेत कुठल्या जुन्या खडकाला वितळवून आला, हे शोधायचे तर अगदी कमी प्रमाणात असलेल्या द्रव्यांकडे जावे लागते. क्रोमियम, निकेल, कोबाल्ट ही एक टन दगडात काही दहा ग्रॅम ते शंभर-दोनशे ग्रॅम असतात. टंगस्टन एक ग्रॅमही नसते. इरिडियमसारखी द्रव्ये तर टनामागे ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी. दगडाचा इतिहास या कणभर द्रव्यांत लिहिलेला असतो आणि दळताना सर्वांत आधी तोच पुसला जातो.

गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. त्यांच्या जिल्ह्यात जात्याविषयी मी वेगळे काय सांगावे? पण घराघरांतल्या आज्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट आजच्या विषयाचा गाभा आहे. जात्याला नवी टाकी लावली की पहिले दळण कोणी खात नसे. मूठभर कोंडा किंवा भरड आधी दळून टाकून द्यायची, मगच ज्वारी घालायची. कारण पहिल्या दळणात जात्याचा दगड उतरतो आणि भाकरी कचकच लागते. दळणारी प्रत्येक वस्तू दळल्या जाणाऱ्या वस्तूत स्वतःचा थोडा अंश सोडते, हा नियम आज्यांनी चाखून ओळखला होता. प्रयोगशाळेत तो चवीने कळत नाही, एवढाच फरक.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. शेतातल्या किंवा घाटातल्या उघड्यावरच्या दगडाची बाहेरची साल उन्हापावसाने बदललेली असते. ती काढून टाकायची आणि आतला ताजा, निळसर काळा गाभा घ्यायचा. मांजऱ्या खडक असेल तर आणखी एक कसरत करावी लागते. त्यातल्या जुन्या वायूच्या पोकळ्यांत नंतर झिरपलेल्या पाण्याने झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी भरलेली असते. हे पांढरे ठिपके लाव्ह्याचा भाग नाहीत. दगड फोडून त्याच्या बोटभर चकत्या कराव्या, भिंगाखाली एकेक उचलून पाहावी आणि ठिपका असलेली बाजूला टाकावी. हे काम कंटाळवाणे आहे, आणि माझ्या मते संपूर्ण विश्लेषणात याहून मोलाचे काम नाही. यंत्राला झिओलाइट आणि बेसाल्ट वेगळे करता येत नाहीत. डोळ्याला येतात.

करवतीने कापलेला दगड असेल तर त्यावर पात्याच्या खुणा राहतात. हिऱ्याच्या पात्यात हिऱ्याचे कण धरून ठेवायला ब्राँझसारखा धातू वापरलेला असतो, म्हणजे त्या खुणांत तांबे आणि कथील बसते. त्या घासून काढायच्या, नमुना शुद्ध पाण्यात धुवायचा आणि वाळवायचा. घणाने फोडायचा असेल तर जाड प्लास्टिकच्या किंवा कापडाच्या आवरणात गुंडाळून, म्हणजे घणाचे लोखंड थेट दगडावर घासत नाही. दगडावर पेनाने लिहिलेला क्रमांक, चिकटपट्टीचा गोंद हेही आधी जायला हवे. रंगात शिसे आणि टायटॅनियम असू शकते.

मग जबड्याचा क्रशर. आपल्याकडच्या खडी क्रशरचेच हे लहान भावंड. त्यातून भरड निघते आणि ती शेवटच्या दळणासाठी भांड्यात जाते. हे भांडे कशाचे आहे, या प्रश्नावर पुढचे सगळे अवलंबून असते.

पोलादी भांडे मजबूत आणि स्वस्त. पण त्यातून लोह, मँगनीज आणि मुख्य म्हणजे क्रोमियम उतरते. टंगस्टन कार्बाइड त्याहून खूप कठीण, मिनिटा-दोन मिनिटांत काम संपवते. पण ते टंगस्टन आणि त्याचे कण जोडून ठेवणारे कोबाल्ट देते, शिवाय कधी नायोबियम आणि टँटलमही. ॲल्युमिना ॲल्युमिनियम देते. झिर्कोनिया झिर्कोनियम आणि हाफ्नियम देते. अकीक, म्हणजे गारगोटीच्याच कुळातला पट्टेदार दगड, जवळजवळ फक्त सिलिका देतो. बेसाल्टमध्ये निम्मी सिलिका आधीच असल्याने त्याचे काही बिघडत नाही. पण अकीक हळू दळतो, महाग असतो आणि हातून पडला की तडकतो.

या यादीत मला एका गोष्टीचे नेहमी अप्रूप वाटते. अकीक हा आपल्याच बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होतो. गोदावरीच्या पात्रातल्या गोट्यांत तो सापडतो. नेवाशाला प्रवरेकाठी डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५०च्या दशकात जे उत्खनन केले, त्यात याच जातीच्या दगडांची प्राचीन माणसाची हत्यारे मिळाली. बेसाल्टला न बिघडवता दळणारे भांडे ज्या दगडाचे होते, तो दगड बेसाल्टच्याच पोटी जन्मतो.

थोडा हिशेब करू, म्हणजे धोक्याचा आकार लक्षात येईल. समजा, शंभर ग्रॅम बेसाल्ट दळताना भांड्याची अवघी ५० मिलिग्रॅम झीज झाली. डोळ्याला ती दिसणार नाही, तराजूवर भांडे जोखले तरी कळणार नाही. भांडे बारा टक्के क्रोमियमच्या पोलादाचे असेल तर चूर्णात टनामागे ६० ग्रॅम या प्रमाणात क्रोमियम वाढले. दगडाचे स्वतःचे क्रोमियम शंभर ग्रॅमच्या आसपास असेल, तर आपला आकडा दीडपटीहून अधिक झाला. लोहाचे मात्र काहीच बिघडले नाही, कारण दहा टक्क्यांत ०.०४ टक्क्याची भर कोण विचारतो? आता तेच भांडे टंगस्टन कार्बाइडचे असू द्या, त्यात सहा टक्के कोबाल्ट धरू. टनामागे ३० ग्रॅम कोबाल्ट वाढले, आणि जिथे एक ग्रॅमही टंगस्टन नव्हते तिथे चारशेहून अधिक ग्रॅम आले. म्हणून कुठलेही भांडे सर्वांत चांगले नसते. आपण दगडाला कोणता प्रश्न विचारणार आहोत त्यावर भांडे ठरते. लोह आणि सिलिका हवी असेल तर पोलाद चालेल. क्रोमियम हवे असेल तर पोलादाला हात लावू नये. कोबाल्ट हवे असेल तर टंगस्टन कार्बाइड कपाटातच राहू द्यावे.

हे सगळे कुठे जिव्हारी लागते, ते पाहायला फार लांब जायची गरज नाही. जिंतूरच्या उत्तरेला, शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात लोणार आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये झाले, हे फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली ठामपणे मांडले. पृथ्वीवर बेसाल्टमध्ये पडलेली इतकी चांगली टिकलेली विवरे फारच थोडी, म्हणून चंद्राचा आणि मंगळाचा अभ्यास करणारेही लोणारला येतात. पण जी उल्का पडली ती कशी होती? तिचा तुकडा हाती लागलेला नाही. बहुतेक भाग आघाताच्या उष्णतेत नाहीसा झाला. उरला तो तिचा रासायनिक माग, वितळून पुन्हा गोठलेल्या काचेत आणि बारीक गोलकांत. २००५च्या सुमारास झालेल्या एका अभ्यासात लोणारच्या वितळलेल्या खडकांत उल्केचा निर्विवाद अंश सापडला नाही. २००९ साली दुसऱ्या गटाने मिलिमीटरभर आणि त्याहून लहान गोलक तपासले आणि त्यांत काही द्रव्ये मूळ बेसाल्टपेक्षा वाढलेली दाखवली. त्यावरून ती उल्का कॉन्ड्राइट जातीची, म्हणजे दगडी उल्का असावी असा निष्कर्ष निघाला.

ती वाढलेली द्रव्ये कोणती? निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम. आता मघाची यादी आठवा. पोलादी भांडे क्रोमियम देते, आणि पोलादाच्या जातीनुसार निकेलही. टंगस्टन कार्बाइड कोबाल्ट देते. उल्केची सही आणि भांड्याची झीज जवळजवळ एकाच अक्षरांत लिहिलेली आहे. या अभ्यासकांच्या कामावर मला शंका घ्यायची नाही. दोघांनी वेगवेगळे पदार्थ तपासले होते, आणि अशा कामात भांड्यांची निवड डोळ्यांत तेल घालून केली जाते. पण एखाद्या विद्यार्थ्याने लोणारचा खडक जवळच्या कुठल्याही पोलादी मिलमध्ये दळून आणला, तर त्याला उल्का सापडेलच, आणि ती उल्का त्याच्या मिलमधून पडलेली असेल.

उल्केचा माग काढण्यासाठी मोजल्या जाणाऱ्या इरिडियमचे तर आणखी नाजूक आहे. बेसाल्टच्या शंभर ग्रॅम चूर्णात ते फार तर ग्रॅमच्या दहा कोटीव्या भागाएवढे असते. प्लॅटिनमच्या दागिन्यांत कडकपणासाठी इरिडियम मिसळण्याची पद्धत आहे. दहा टक्के इरिडियम असलेल्या अंगठीचा एक मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाएवढा कण चूर्णात पडला तरी आकडा दुप्पट होतो. १९८० साली लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या गुब्बियोच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम मोजून डायनोसॉर नाहीसे होण्याचे कारण अंतराळात शोधले. तेव्हा ज्या पातळीचे मोजमाप होत होते, त्या पातळीवर हातातली अंगठीही पुराव्यात घोटाळा करू शकते. या दर्जाच्या प्रयोगशाळेत शिरताना दागिने काढून ठेवावे लागतात ते यामुळे.

आधीच्या नमुन्याचा उरलेला कण हा भांड्याइतकाच मोठा शत्रू आहे. दक्खनचा लाव्हा नेमका केव्हा आणि किती वर्षे वाहिला, यावर २०१५ साली शोन आणि सहकाऱ्यांनी महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. मुख्य उद्रेक साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला आणि डायनोसॉरांच्या अंतापूर्वी सुमारे अडीच लाख वर्षे सुरू झाला, असे त्यांनी दाखवले. त्यासाठी वापरलेले घड्याळ म्हणजे झिर्कॉन नावाच्या खनिजाचे सूक्ष्म कण, आणि बेसाल्टमध्ये ते अत्यंत दुर्मीळ. आता कल्पना करा की असा नमुना फोडणाऱ्या क्रशरमध्ये आदल्या दिवशी आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातला, देगलूरकडचा ग्रॅनाइट फोडला होता आणि जबड्याच्या खाचेत झिर्कॉनचा एकच दाणा अडकून राहिला. तो दाणा अब्जावधी वर्षे जुना. तो बेसाल्टच्या नमुन्यात आला तर संशोधकाला वाटेल की लाव्ह्याने खालचा जुना खडक वर आणला. एका न झाडलेल्या खाचेतून पृथ्वीच्या अंतरंगाविषयीचा चुकीचा सिद्धान्त जन्माला येऊ शकतो.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. जगभरच्या प्रयोगशाळा आपली यंत्रे जुळवण्यासाठी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने तयार केलेली प्रमाण-चूर्णे वापरतात. हवाई बेटांच्या बेसाल्टचे असे चूर्ण फार प्रसिद्ध आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात लक्षात आले की त्यातल्या शिशाचे समस्थानिक जुळत नाहीत, कारण चूर्ण तयार करतानाच त्यात बाहेरचे शिसे मिसळले होते. अपोलो ११ने १९६९ साली चंद्राचे दगड आणले तेव्हा पेट्या हवाबंद करण्यासाठी इंडियम या मऊ धातूची कड वापरली होती. परिणामी चंद्राच्या दगडांत मुळात इंडियम किती, हा प्रश्न त्या नमुन्यांपुरता डागाळला. चंद्राच्या नमुन्यांना कोणत्या पदार्थांनी स्पर्श करायचा याची यादी फार आखूड ठेवली गेली: स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम, टेफ्लॉन.

बाहेरून काही न मिसळताही दळणे दगडाला बदलते, हे १९०८ सालीच हिलेब्रँड या अमेरिकी रसायनज्ञाने मांडले होते. फार बारीक दळले की चूर्ण हवेतला ओलावा धरते, आणि घर्षणाच्या उष्णतेने त्यातल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होते. जास्त बारीक म्हणजे जास्त चांगले, हा समज सोडायला हवा. बहुतेक कामांना ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून पडणारे चूर्ण पुरते. तिथे थांबावे.

उपाय काय? आज्यांनी केला तोच. एक नमुना संपला की भांड्यात स्वच्छ गारेची वाळू दळून टाकायची, भांडे धुवायचे, अल्कोहोलने पुसून कोरडे करायचे. मग पुढच्या नमुन्याचीच चिमूट आधी दळून फेकायची आणि त्यानंतर खरा नमुना घालायचा. शोधायचे द्रव्य कमी असलेले नमुने आधी, जास्त असलेले नंतर. खनिजसंपन्न धातुक आणि साधा खडक एका भांड्यात कधीच नाही. अधूनमधून शुद्ध गारेची वाळू दळून तिचेच विश्लेषण करायचे. तिच्यात जे काही जास्त निघेल ते आपल्या भांड्याने दिलेले. हा कोरा नमुना तपासणारी प्रयोगशाळा मी विश्वासाची मानतो, मग तिचे यंत्र जुने का असेना. आणि हे काम करणाऱ्याच्या नाकावर चांगला मास्क, खोलीत धूळ ओढणारा पंखा हवाच. सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते.

आता मी परभणीच्या शेतात येतो, कारण इथल्या बहुतेक श्रोत्यांचा संबंध खडकापेक्षा त्या खडकाच्या मातीशी जास्त आहे. आपल्या शहरात १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. १९ फेब्रुवारी २०१५ला मृदा आरोग्य पत्रिकेची योजना देशभर सुरू झाली आणि माती तपासणीचा कागद घराघरांत आला. त्या कागदावर जस्ताचा रकाना असतो. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत जस्त असूनही पिकाला मिळत नाही, म्हणून हा रकाना महत्त्वाचा. पिकाला मिळण्याजोगे जस्त मोजण्यासाठी लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ साली मांडलेली डीटीपीए पद्धत वापरतात आणि किलोमागे ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी निघाले तर सर्वसाधारणपणे कमतरता मानतात. अशा वेळी हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट टाकण्याचा सल्ला मिळतो.

अर्धा किलो नमुन्यात ०.६च्या हिशेबाने असे जस्त भरते ०.३ मिलिग्रॅम. आता ती माती ज्या बादलीत गोळा केली ती जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची होती, आणि मुलाम्याचा एक मिलिग्रॅमचा कपचा मातीत पडला. त्यातला तिसरा हिस्सा जरी द्रावणात उतरला, तरी अजिबात जस्त नसलेली जमीन कागदावर पुरेशी ठरेल. शेतकरी झिंक सल्फेट टाकणार नाही. पीक पिवळे पडेल आणि दोष बियाण्याला, हवामानाला, नशिबाला दिला जाईल. पितळी चाळणी तांबे आणि जस्त दोन्ही देते. गंजके फावडे लोह देते. लोखंडी खलबत्त्यात जोर लावून कुटलेल्या मातीतून लोह जास्त निघते, त्यात खलबत्त्याचे किती आणि नव्याने फुटलेल्या कणांचे किती हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

म्हणून माती गोळा करताना इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावी, प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळावी. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, असे करत अर्धा किलो उरवावी. सावलीत वाळवावी. खताच्या रिकाम्या गोणीवर तर कधीच नाही. लाकडी खलबत्त्यात ढेकळे फक्त मोकळी करावीत आणि दोन मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या चाळणीतून गाळावी. याला पैसा लागत नाही. लागते ती माहिती, आणि हे काम करणाऱ्या हाताला मिळणारा मान.

त्या मानाविषयी थोडे सांगून थांबतो. आपल्या महाविद्यालयांत आणि तपासणी केंद्रांत नमुना दळण्याचे काम बहुधा सर्वांत कमी पगाराच्या, सर्वांत कमी प्रशिक्षण मिळालेल्या माणसाकडे जाते. त्याला कोणी सांगत नाही की ही बादली का नको, ही चाळणी का नको. वास्तविक यंत्र चालवणाऱ्याची चूक दुसऱ्यांदा मोजून सापडते. दळणाऱ्याची चूक शंभर वेळा मोजली तरी सारखीच येते, कारण ती चूर्णातच असते. म्हणून त्या माणसाचे प्रशिक्षण यंत्राच्या प्रशिक्षणाआधी व्हायला हवे, आणि नव्या यंत्राच्या अंदाजपत्रकात अकीकाच्या एका खलाची, प्लास्टिकच्या दोन-चार चाळण्यांची तरतूद आधी व्हायला हवी.

इथे बसलेल्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि तपासणी केंद्रांत काम करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या हातून जाणाऱ्या प्रत्येक अहवालात, मग तो खडकाचा असो की मातीचा, एक रकाना वाढवा: नमुना कशात गोळा केला, कशात दळला, कोणत्या चाळणीतून गाळला. आणि शेतकरी बांधवांनो, पुढच्या हंगामाआधी माती द्यायला जाल तेव्हा पत्र्याची बादली घरी ठेवा आणि केंद्रावर हा रकाना मागून घ्या.